छाट कलम, गुलाबाचे

गुलाबाच्या पक्व फांदीचा तुकडा मातीत रोवून, त्याला मुळे फुटवून नवे झाड तयार करण्याची पद्धत. असे झाड मूळ झाडाच्याच वाणाचे निघते. बियांपासून वाढवलेल्या संकरित गुलाबात ही खात्री नसते.

कांडी : पुणे परिसरात ऑक्टोबरच्या छाटणीत टाकून दिल्या जाणाऱ्या फांद्यांतूनच चांगल्या कांड्या मिळतात. फूल येऊन गेलेली, पेन्सिलीएवढी जाड फांदी निवडून तिचे 3-4 डोळे असलेले, 15 ते 20 सेंमी. लांबीचे तुकडे करतात. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली आडवा, तर वरचा डोळ्याच्या किंचित वर तिरपा घेतात. कापांतला हा फरक पाहिला, की कांडी उलटी रोवली जात नाही.

लागवड : पोयटा, वाळू व कुजलेले शेणखत भरलेल्या पिशवीत कांडीचा निम्म्याहून अधिक भाग रोवतात. मुळे नसलेली कांडी पाणी फारसे शोषू शकत नाही, म्हणून सावली व दमट हवा लागते. पिंपरी-चिंचवड किंवा चाकणमधील सदनिकेच्या गॅलरीत तळ कापलेली प्लॅस्टिकची बाटली कांडीवर पालथी घातली तरी हे साधते. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात कलमे टाळावीत.

मुळे फुटणे : कापलेल्या टोकाशी आधी किण, म्हणजे फिकट, गाठीसारखी ऊती तयार होते आणि सालीआडच्या ऊतककरातून, म्हणजे नव्या पेशी तयार करणाऱ्या थरातून, आगंतुक मुळे निघतात. ऑक्सिन या वनस्पती-संप्रेरकांच्या गटातील आयबीएची भुकटी टोकाला लावल्यास त्यांना चालना मिळते. कोंब आणि पाने बहुधा मुळांच्या आधीच दिसतात. ती कांडीतल्या साठवलेल्या अन्नावर वाढलेली असतात. पाने पाहून घाईने रोप हलवल्यास ते सुकते. साधारण 4 ते 6 आठवडे थांबावे आणि कांडी ओढून पाहू नये.

व्यापारी रोपे : मावळ तालुक्यात, विशेषतः तळेगाव दाभाडे परिसरात, पॉलिहाउसमध्ये गुलाब पिकतो व फेब्रुवारीत व्हॅलेंटाइन डेसाठी निर्यात होतो. ‘टॉप सीक्रेट’ हा तेथील प्रसिद्ध लाल वाण. अशा शेतीत ‘नाताल ब्रायर’सारख्या जोमदार खुंटावर हव्या त्या वाणाचा डोळा भरतात, म्हणजे छाट कलमाने वाढतो तो खुंट, फूल मात्र डोळ्याच्या वाणाचे येते. डोळ्याखालून फुटणारे खुंटाचे धुमारे वेळीच काढावे लागतात, नाहीतर खुंट वाणाला दाबून टाकतो.

वाणाचे हक्क : एका झाडापासून त्याच वाणाची अनेक झाडे सहज होतात, म्हणूनच वाण निर्माण करणाऱ्याच्या श्रमाला संरक्षण लागते. 2001च्या वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यान्वये नोंदणी झालेल्या वाणाची रोपे विक्रीसाठी तयार करताना रोपवाटिकेला हक्कधारकाची परवानगी घ्यावी लागते.