डास कशासाठी?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

रात्री कानाशी गुणगुण सुरू झाली, की भलाभला आस्तिकही वैतागून विचारतो, 'देवानं हे डास तरी कशाला निर्माण केले?' प्रश्न गमतीचा वाटतो, पण फार जुना आहे. सृष्टी दयाळू निर्मात्याची असेल, तर तिच्यात चावणारे, रक्त पिणारे, रोग पसरवणारे जीव का? जगातल्या बहुतेक धर्मपरंपरांनी या प्रश्नाशी झटापट केली. त्यांची उत्तरं एकसारखी नाहीत. काही आजही उपयोगी पडतील अशी आहेत, तर काहींपासून जपून राहावं लागतं.

सगळ्यांत सरळ उत्तर म्हणजे, हे देवानं केलेलंच नाही. मुंबईच्या पारशी समाजाचा जो प्राचीन इराणी धर्म, त्याच्या ग्रंथांत साप, विंचू, मुंग्या, माश्या अशा उपद्रवी जीवांना 'ख्रफ्स्त्र' म्हटलं आहे. चांगली सृष्टी अहुर मज्दाची. हे जीव मात्र दुष्ट शक्तीचे, अहरिमनचे. म्हणून त्यांना मारणं पुण्याचं. इराणचे पुरोहित मुंग्या आणि साप मारतात, अशी नोंद ग्रीक इतिहासकार हिरोडोटसनं इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातच केली होती.

पुढे तिसऱ्या शतकात मानी या धर्मसंस्थापकानं प्रकाश आणि अंधार यांच्या युद्धाचं असंच तत्त्वज्ञान मांडलं. त्याला उत्तर देताना उत्तर आफ्रिकेतला ख्रिस्ती धर्माचार्य ऑगस्टीन एक मार्मिक गोष्ट सांगतो. माश्यांनी हैराण झालेल्या एका माणसाला मानीपंथी विचारतो, 'या कुणी केल्या?' तो रागानं म्हणतो, 'सैतानानं!' मग पंथी पुढे सरकतो. माशी सैतानाची, तर तिच्याहून थोडी मोठी मधमाशी कुणाची? मग टोळ, सरडा, पाखरू, मेंढी, गाय, हत्ती असं करत करत तो माणसापर्यंत येतो, आणि माणूसही सैतानाच्या खात्यात जमा होतो. तात्पर्य, एक माशी सोडून दिली तर सगळी सृष्टी हातची जाते.

दुसरं उत्तर उपयोगाचं. ज्यूंच्या तालमूदमध्ये तिसऱ्या शतकातल्या रव् या धर्मपंडिताचं मत नोंदलं आहे, की ईश्वरानं एकही वस्तू व्यर्थ निर्माण केलेली नाही. त्यासाठी यादीच दिली आहे: गांधीलमाशीच्या दंशावर माशी, सर्पदंशावर डास, विंचवाच्या दंशावर कोळी. हे उपाय आज कुणी करू नयेत! पण त्याच तालमूदमध्ये याहून खोल विचार आहे. माणूस सृष्टीत सर्वांत शेवटी का आला? तर तो गर्वानं फुगला की त्याला सांगता यावं, 'बाबा रे, डासही तुझ्या आधी आला आहे.'

कुराणात डास येतो तो दुसऱ्या अध्यायाच्या सव्विसाव्या आयतीत. माशी, कोळी अशा क्षुद्र जीवांचे दाखले ईश्वर कसे देईल, अशी थट्टा विरोधक करत, असं भाष्यकार सांगतात. त्यावर ही आयत सांगते, की डासाचाच काय, त्याच्या 'वरच्या' कशाचाही दाखला द्यायला ईश्वर संकोचत नाही. हे 'वरचं' म्हणजे डासाहून मोठं, की लहानपणात डासाच्याही वरताण, यावर भाष्यकारांनी बराच खल केला आहे. क्षुद्र या अर्थी आपल्याकडेही 'मशक' म्हणतातच. इथं मात्र तोच मशक निर्मात्याच्या सामर्थ्याचा साक्षीदार झाला.

या साक्षीदाराकडे विद्वानांनी मग बारकाईनं पाहिलं. नवव्या शतकात बसऱ्याच्या अल्-जाहिजनं प्राण्यांवर मोठा ग्रंथ लिहिला, त्यात माश्या आणि डासांनाही जागा मिळाली. चौदाव्या शतकातल्या इजिप्तच्या अल्-दमीरीनं डासाची तुलना थेट हत्तीशी केली: सोंड दोघांना आहे, पण डासाला पाय दोन जास्त आणि वर चार पंख! आजचं विज्ञान सांगतं की पंख दोनच. मागची जोडी तोल सांभाळणाऱ्या बारीक दांड्यांत रूपांतरित झाली आहे. तपशील चुकला, पण पाहण्यातलं कुतूहल खरं होतं.

लोकमनात मात्र रुजल्या त्या कथा. स्वतःला देव म्हणवणाऱ्या नमरूद राजाच्या नाकातून डास मेंदूत शिरला आणि त्याची तडफड थांबावी म्हणून डोक्यावर फटके मारून घ्यायची वेळ राजावर आली, अशी मुस्लिम आख्यायिका आहे. इसवी सन ७० मध्ये जेरुसलेमचं मंदिर उद्ध्वस्त करणाऱ्या रोमन टायटसबद्दल ज्यूंची कथा जवळजवळ हीच. आणि आठव्या शतकातला अब्बासी खलिफा मन्सूर? तोंडावर पुन्हा पुन्हा बसणाऱ्या माशीला कंटाळून त्यानं मुकातिल नावाच्या विद्वानाला विचारलं म्हणे, की माशी कशासाठी निर्माण केली. उत्तर मिळालं, 'जुलमी लोकांची मान खाली घालण्यासाठी.' खलिफा गप्प झाला.

भारतात प्रश्नाचं रूपच पालटतं. जैन विचारात डास कुणासाठी निर्माण झालेला नाही. तोही आपल्या कर्मानुसार प्रवास करणारा एक जीव आहे. साधूनं शांतपणे सोसायच्या बावीस परीषहांत 'दंशमशक' म्हणजे डास-माश्यांचा त्रास येतो. एकनाथ महाराजांनी भारुडात विंचू आणला, तो तर काम-क्रोधाचा. बाहेरच्या कीटकापेक्षा आतल्याचं विष त्यांना जास्त जहरी वाटलं.

ही सारी उत्तरं मला प्रिय आहेत. पण एक गोष्ट सलते. कथेतला डास जुलमी राजाला शोधत जातो. इतिहासातला डास गरिबाच्या झोपडीत शिरतो. २०२३ या एका वर्षात मलेरियानं जगात सुमारे सहा लाख माणसं दगावली. त्यात बहुसंख्य आफ्रिकेतली पाच वर्षांखालची मुलं होती. त्या मुलांनी कुणाचं मंदिर फोडलं होतं? साथ आली की 'ही पापांची शिक्षा' म्हणणारे आजही भेटतात. जी गोष्ट सिंहासनावरच्या माणसाला सुनावण्यासाठी रचली गेली, ती तापानं फणफणलेल्या मुलाच्या आईला ऐकवणं हा क्रूरपणा आहे.

श्रद्धा आणि उपाय यांत भांडण असायला हवं, असंही नाही. इसवी सन ६३९ च्या सुमारास शाममध्ये, म्हणजे सीरियाच्या प्रदेशात, अम्वासची साथ पसरली होती. ते कळताच खलिफा उमर वाटेतूनच परत फिरले. 'ईश्वराच्या नियतीपासून पळता?' असं अबू उबैदांनी विचारलं, तेव्हा उमर यांनी उत्तर दिलं, की आपण ईश्वराच्या एका नियतीकडून दुसऱ्या नियतीकडे जात आहोत.

तेच सूत्र पुढे सिकंदराबादला दिसतं. १८९७ च्या ऑगस्टमध्ये रोनाल्ड रॉस या डॉक्टरानं हुसेन खान नावाच्या मलेरियाच्या रुग्णाला डास चावू दिले. २० ऑगस्टला त्यांतल्याच एका डासाच्या पोटात त्याला मलेरियाचे जंतू दिसले. रॉस कवीही होता. त्या आनंदात त्यानं कविता लिहिली आणि तिच्यात देवाचे आभार मानले. १९०२ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळालं. हुसेन खानचं नाव मात्र फारसं कुणी घेत नाही.

डास का आहे, हा प्रश्न नम्र होण्यासाठी जरूर विचारावा. पण ताप का आला, याचं उत्तर तुंबलेल्या गटारात आणि उघड्या पिंपात शोधावं. आणि ज्याला ताप आला, त्याच्या पाप-पुण्याचा हिशेब न मागता त्याला औषध द्यावं.