कोळशाला आच किती?

लोणारी कोळसा घेताना गिऱ्हाईक विचारतं, लाकूड कुठलं? बाभळीचं की आंब्याचं? कोळसा अभ्यासणारेही पुष्कळ काळ याच प्रश्नात अडकले होते.

1785 साली सेंट पीटर्सबर्गच्या औषधशाळेत टोबियास लोव्हिट्झला दिसलं, की टार्टारिक आम्लाच्या मळकट द्रावणात कोळशाची पूड टाकली की रंग उतरतो. साखर शुद्ध करणाऱ्यांनी ही युक्ती पुढे उचलली. 1811 मध्ये हाडांचा कोळसा रंग काढण्यात सरस ठरला, आणि पुन्हा चर्चा रंगली ती कच्च्या मालाचीच.

आचेकडे नीट लक्ष गेलं ते 1929 मध्ये. क्रॉइट आणि डी काड्ट या डच रसायनज्ञांनी सुमारे 1000 अंशांना कार्बन डायऑक्साइडमध्ये तापवलेला कोळसा घेतला. तो आम्ल शोषायचा. तोच हवेत 400 अंशांच्या आसपास तापवला, तर स्वभाव उलटला: आता अल्कली शोषू लागला. माल तोच!

यामागचं गणित सेल्युलोजमध्ये स्वच्छ दिसतं. त्याच्या वजनात निम्म्याला जरा कमी ऑक्सिजन असतो. 300 ते 400 अंशांत पाणी, डांबर, वायू निघून जातात, पण थोडा ऑक्सिजन कार्बॉक्झिल आणि फिनॉल गटांच्या रूपाने पृष्ठावर चिकटून राहतो. असा कोळसा आम्लधर्मी, पाण्याला जवळ करणारा. आच वाढली की आधी कार्बॉक्झिल गट कार्बन डायऑक्साइड होऊन सुटतात, फिनॉल मागाहून. सहाशे-सातशे अंशांपर्यंत कार्बनच्या चकत्या वाढतात, बारीक छिद्रं मोकळी होतात. एका ग्रॅममागे पृष्ठ काही शे चौरस मीटर भरतं. पुढे कोळशातून वीज वाहू लागते. अतिच तापवलं तर मात्र छिद्रं मिटू लागतात.

कोळशाला आच किती लागली, हे बिंचोतान हा जपानी कोळसा करणाऱ्यांना कानाने कळत आलंय. ओकचा कोळसा शेवटी भट्टीत हवा सोडून लालबुंद करायचा, बाहेर ओढून राख-मातीखाली विझवायचा. तुकड्यावर तुकडा आपटला की धातूसारखा खणखणतो. माझ्या मते हीच सर्वांत स्वस्त चाचणी.

1951 मध्ये रोझालिंड फ्रँकलिनने (हो, डीएनएवालीच) दाखवलं, की काही कार्बन 3000 अंशांनाही ग्रॅफाइट होत नाहीत. त्यांच्या चकत्या कमी आचेवरच एकमेकींना आडव्या बांधल्या जातात. मग कितीही तापवा, त्या सरळ थरांत लागत नाहीत. सेल्युलोजचा कोळसा याच हट्टी गोतावळ्यातला.