भाड्याची गाडी आणि विम्याची भानगड

गेल्या महिन्यात रात्री साडेअकराला धाकट्या चुलतभावाचा मेसेज आला. बायको आणि मुलीला घेऊन तो अमेरिकेला सुट्टीवर निघाला होता. नेवार्कला उतरायचं, दोन दिवस एडिसनला मेव्हण्याकडे राहायचं आणि मग भाड्याची गाडी घेऊन नायगारा. बुकिंगच्या पानाचा फोटो त्याने पाठवला होता. एलडीडब्ल्यू, एसएलआय, पीएआय, पीईसी. प्रत्येकासमोर एक चौकोन आणि रोजचे इतके-इतके डॉलर. खाली प्रश्न: "दादा, यातलं काय घेऊ? ट्रॅव्हल इन्शुरन्स काढलाय, क्रेडिट कार्डावर पण काहीतरी आहे. सगळं काढून टाकू का?"

"थांब, काही काढू नकोस, सकाळी फोन करतो," एवढंच तेव्हा लिहिलं. कारण हेच चौकोन मी २००८ मध्ये चुकीचे भरले होते.

झालं होतं असं. तीन आठवड्यांच्या ऑनसाइट कामासाठी न्यू जर्सीला गेलो होतो. वीस तासांचा प्रवास, डोळ्यांवर झोप, मागे रांग. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, गाडीला काही झालं तर पूर्ण किंमत तुमच्याकडून घेऊ, त्यापासून सुटका हवी का? मी घाबरून हो म्हटलं. मग त्यांनी 'लायबिलिटी'चं काहीतरी विचारलं. मनात म्हटलं, एकदा घेतलंय ना, आता परत कशाला? आपल्याकडे 'फुल इन्शुरन्स' म्हटलं की सगळं त्यात आलं, अशी आपली समजूत. नको म्हणालो.

दुसऱ्या आठवड्यात पावसात रूट वनवर सिग्नलला माझी गाडी घसरून पुढच्या गाडीवर आदळली आणि ती तिच्या पुढच्या गाडीवर. कोणाला खरचटलंही नाही. माझ्या गाडीची नंबरप्लेटची चौकट तुटली, बास. पुढच्या दोन गाड्यांचं बिल मात्र मिळून ४,७०० डॉलरच्या आसपास गेलं. दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी त्या राज्यात तेव्हा कायद्याने लागणारा किमान विमा होता ५,००० डॉलरचा, आणि माझ्या करारात नेमका तेवढाच होता. म्हणजे ३०० डॉलरने वाचलो. पुण्याला परत आल्यावरही चार महिने पत्रं येत होती आणि प्रत्येक लिफाफा उघडताना पोटात गोळा यायचा. पुढे एखादी भारीतली गाडी असती, किंवा कोणाच्या मानेला हिसका बसला असता, तर पुढची काही वर्षं मी कोणासाठी नोकरी करत होतो हे वेगळं सांगायला नको.

थोडक्यात, मी नंबरप्लेटच्या चौकटीचा बंदोबस्त चोख केला होता आणि बाकी सगळं उघडं टाकलं होतं.

आता आमच्या धंद्यात असं काही विचित्र दिसलं की आपण आधी शिव्या घालतो आणि मग जुन्या नोंदी उघडून बघतो, की ही ओळ कोणी, कधी आणि का टाकली. काउंटरवरचा तो कागद कोणी एकाने बसून डिझाईन केलेला नाही. तो शंभर वर्षांचा लेगसी कोड आहे. प्रत्येक ओळीमागे कधीतरी झालेलं एक भांडण आहे.

सुरुवात बहुधा १९१६ ची धरतात. नेब्रास्कातल्या ओमाहा गावी जो साँडर्स नावाच्या माणसाने आपली फोर्ड मॉडेल टी भाड्याने द्यायला सुरुवात केली. पुढच्या चाकाला मैल मोजायचं यंत्र, मैलाला १० सेंट. दोन वर्षांनी, १९१८ मध्ये, शिकागोत वॉल्टर जेकब्स या २२ वर्षांच्या पोराने १२ फोर्ड गाड्यांवर तोच धंदा मांडला. १९२३ मध्ये तो यलो कॅबवाल्या जॉन हर्ट्झने विकत घेतला, आणि आज विमानतळावर दिसणारी हर्ट्झची पिवळी पाटी ती तिथली. या सुरुवातीच्या काळात मालकाची मुख्य काळजी होती गाडी परत येईल का, ही. त्यात १९२० ला अमेरिकेत दारूबंदी आली आणि भाड्याच्या गाड्या चोरटी दारू वाहणाऱ्यांना भलत्याच सोयीच्या वाटू लागल्या, त्यामुळे धंद्याचं नावही जरा खराब झालं.

पण खरा प्रश्न वेगळाच होता. भाड्याने गाडी घेतलेल्याने रस्त्यावर कोणाला उडवलं, तर पैसे कोण देणार? जुना न्याय साधा होता: चूक ज्याची, भरपाई त्याची. केवळ गाडी माझी म्हणून मी जबाबदार नाही. आणि चालवणाऱ्याच्या खिशात काही नसलं तर? तर पाय मोडलेल्याने घरी बसायचं.

यावर दोन उपाय निघाले. एक, मालकालाच धरा. न्यूयॉर्कने १९२४ मध्ये कायदा केला की परवानगीने चालवणाऱ्याने निष्काळजीपणा केला तर मालकही जबाबदार. दुसरा, विमाच सक्तीचा करा. मॅसॅच्युसेट्समध्ये ही सक्ती १९२७ पासून लागू झाली, ब्रिटनमध्ये १९३० चा रोड ट्रॅफिक अॅक्ट आला. आपल्याकडे १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात थर्ड पार्टी विमा आला, त्याची सक्ती प्रत्यक्षात १९४६ मध्ये सुरू झाली.

इथून पुढे युरोप आणि अमेरिका यांच्या वाटा फुटल्या, आणि आपली फजिती होते ती या फाट्यावर.

युरोपात विमा गाडीला चिकटला. गाडी कोणीही चालवो, थर्ड पार्टीची भरपाई त्या गाडीच्या विम्यातून. देश छोटे, तासाभरात सीमा लागते, म्हणून एका देशाचा विमा दुसऱ्याने मानायची व्यवस्थाही लवकर उभी राहिली. १९५३ पासून ग्रीन कार्ड आलं. १९७२ च्या निर्देशानंतर युरोपीय समुदायाच्या देशांत सीमेवर ते कार्ड तपासणंही बंद झालं. रकमा बघा: युरोपीय संघाच्या २०२१ च्या निर्देशाप्रमाणे शारीरिक इजेसाठी किमान संरक्षण अपघातामागे ६४ लाख ५० हजार युरो किंवा जखमी माणसामागे १३ लाख युरो. ब्रिटनमध्ये तर इजेच्या भरपाईला वरची मर्यादाच नाही. त्यामुळे पॅरिस किंवा म्युनिकच्या काउंटरवर भांडण उरतं ते फक्त गाडीच्या पत्र्याचं: ओरखडा पडला तर पहिले हजार-दीड हजार युरो कोणाचे. त्रासदायक आहे, पण त्यात घर विकावं लागत नाही.

अमेरिकेत विमा हा राज्यांचा विषय. पन्नास राज्यं, पन्नास किमान रकमा, आणि त्या एकदा ठरल्या की जागच्या हलत नाहीत. कॅलिफोर्नियात १९६७ ला ठरलेली किमान मर्यादा, एका जखमी माणसामागे १५,००० डॉलर, थेट २०२४ च्या अखेरपर्यंत तशीच होती. एवढ्या काळात हॉस्पिटलची बिलं कुठून कुठे गेली! न्यू जर्सीने माझा तो ५,००० चा आकडा २०२३ मध्ये २५,००० केला. लोकांचं मग चालत कसं होतं? तर ज्याला जपायची मालमत्ता आहे तो स्वतःची मोठी पॉलिसी घेतो, आणि ती पॉलिसी त्याच्याबरोबर भाड्याच्या गाडीतही जाते. म्हणजे तिकडे विम्याचा बराचसा भाग गाडीपेक्षा माणसाला चिकटलेला आहे.

१९४६ मध्ये वॉरन एव्हिस या माजी वैमानिकाने मिशिगनमधल्या विलो रन विमानतळावर भाड्याच्या गाड्यांचं दुकान थाटलं आणि धंदा शहरातून विमानतळावर सरकू लागला. तिथे येणारं गिऱ्हाईक कोण? घरी स्वतःची गाडी आणि स्वतःची पॉलिसी असलेला फिरता सेल्समन. सगळी व्यवस्था त्याला समोर धरून घडली. घरी अमेरिकन पॉलिसी नसलेला, सातासमुद्रापलीकडून कुटुंब घेऊन आलेला माणूस त्या चित्रात नव्हताच. तो म्हणजे आपण.

आता तो मोठ्याने विकला जाणारा चौकोन, सीडीडब्ल्यू किंवा एलडीडब्ल्यू. पहिली गोष्ट, हा विमा नाहीच. गाडीचं नुकसान झालं तर कंपनी तुमच्याकडून पैसे मागणार नाही, एवढं ते वचन आहे. हा शब्दच्छल वाटेल, पण त्यात बरीच मेख आहे. विमा नसल्यामुळे राज्याच्या विमा खात्याचा दरावर अंकुश बसेना. पूर्वी गाडी ठोकली तर गिऱ्हाइकाच्या अंगावर काही शे डॉलर यायचे. १९८० च्या दशकात कंपन्यांनी ही जबाबदारी वाढवत वाढवत थेट गाडीच्या पूर्ण किमतीपर्यंत नेली. म्हणजे आधी भीती मोठी करायची आणि मग त्यावरचा उतारा रोजच्या हिशोबाने विकायचा. काउंटरवरच्यांना त्यावर कमिशन.

आणि नुकसानभरपाईचे आकडे तरी खरे होते का? १९८८ मध्ये हर्ट्झने अमेरिकन न्यायालयात गुन्हा कबूल केला. १९७८ ते १९८५ या काळात ठोकलेल्या गाड्या कंपनी घाऊक सवलतीत दुरुस्त करून घ्यायची आणि गिऱ्हाइकाकडून व त्याच्या विमा कंपनीकडून जास्तीचे, काही वेळा चक्क बनावट अंदाजपत्रकावरचे पैसे वसूल करायची. ६८ लाख ५० हजार डॉलर दंड झाला, शिवाय परतफेड त्याच्या दुप्पट.

त्याच सुमारास इलिनॉय आणि न्यूयॉर्क या राज्यांनी सीडीडब्ल्यूची विक्रीच बंद केली. गिऱ्हाइकाची जबाबदारी इलिनॉयमध्ये २०० डॉलर आणि न्यूयॉर्कमध्ये १०० डॉलरवर आणून ठेवली. कंपन्यांनी अर्थातच आरडाओरडा केला आणि पुढे दोन्हीकडे दार परत उघडलं, न्यूयॉर्कमध्ये २००३ ला, पण दरावर मर्यादा घालून. मधल्या काळात क्रेडिट कार्डवाले पुढे आले: आमच्या कार्डाने भाडं भरा, गाडीचं नुकसान आम्ही बघतो. "कार्डावर पण काहीतरी आहे" हे जे आपण ऐकतो त्याचा उगम हा. त्यातही फक्त गाडीचं नुकसान. तुम्ही ज्याला धडकलात त्याच्याशी कार्डाचा काही संबंध नाही. भारतातल्या बँकांच्या बहुतेक कार्डांवर तर तेवढंही नसतं.

या सगळ्या गदारोळात वर्तमानपत्रं, ग्राहक संघटना आणि आमदार मंडळी भांडली ती पत्र्यासाठी. दुसरा चौकोन, एसएलआय, मुकाट्याने कोपऱ्यात बसून होता. आणि २००५ मध्ये त्याच्याखालची जमीनच सरकली. मिझूरीचे काँग्रेस सदस्य सॅम ग्रेव्ह्ज यांची एक दुरुस्ती महामार्गांच्या भल्यामोठ्या विधेयकात घुसवली गेली आणि १० ऑगस्ट २००५ ला तिचा कायदा झाला. आता केवळ मालक आहे म्हणून गाडी भाड्याने देणाऱ्या कंपनीवर दावा लावता येत नाही. न्यूयॉर्कचा १९२४ चा नियम भाड्याच्या गाड्यांपुरता निकालात निघाला. कंपन्यांच्या बाजूने बोलायचं तर गाडी दिली एवढ्यावरून कोट्यवधींचा भुर्दंड बसणं त्यांना अन्याय वाटत होतं, आणि ते अगदीच चूक म्हणवत नाही. पण जखमी माणसाने बघायचं कोणाकडे? राज्याच्या किमान रकमेकडे, आणि ती संपली की चालवणाऱ्याच्या खिशाकडे. २००८ ला मी सही केली तेव्हा या कायद्याला तीन वर्षं होत आली होती. मला गंधही नव्हता.

आपला घोळ होतो त्यालाही आपला कायदा थोडा कारणीभूत आहे, चांगल्या अर्थाने. भारतात अपघातात माणूस दगावला किंवा जखमी झाला तर थर्ड पार्टी विम्याला रकमेची वरची मर्यादा नसते. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण ठरवेल ती भरपाई. मर्यादा असते ती मालमत्तेच्या नुकसानीला, खाजगी गाडीसाठी साडेसात लाखांची. अशा देशातून आलेल्या माणसाला १५,००० डॉलरवर संपणारा विमा सुचणार कसा? (आपल्याकडे तिढा वेगळा आहे. गोव्यात काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेली गाडी ही कायदेशीर भाड्याची. कोणी ओळखीने पांढऱ्या पाटीची घरची गाडी दिली आणि ती ठोकली, तर विमा कंपनी हात वर करू शकते.)

सकाळी भावाला फोन केला. तो आधीच वैतागला होता. "अरे दादा, ट्रॅव्हल पॉलिसीत पर्सनल लायबिलिटी एक लाख डॉलर लिहिलंय की!" पॉलिसीचं पुस्तक उघड म्हटलं, वगळलेल्या गोष्टी वाच. दोन मिनिटं शांतता. मग आवाज आला, "मोटार वाहनाच्या वापरातून उद्भवणारी जबाबदारी वगळून." हे कलम अशा पॉलिसींमध्ये नेहमीचं आहे, फक्त ते आठव्या-नवव्या पानावर असतं.

मग भारतातल्या रहिवाशांसाठी असलेले 'इन्क्लुसिव्ह' दर शोधले. तिकडे पॉलिसी नसलेल्या परदेशी लोकांसाठी काही कंपन्या गाडीची सूट आणि एसएलआय दोन्ही भाड्यातच धरून देतात. नुसत्या गाडीपेक्षा महाग, पण काउंटरवर चारही चौकोन वेगळे विकत घेण्यापेक्षा बरंच स्वस्त. एसएलआयची मर्यादा किती तेही बघायला सांगितलं, कारण कुठे ती तीन लाख डॉलर असते तर कुठे दहा लाख. पीएआय म्हणजे गाडीतल्यांचा वैयक्तिक अपघात विमा आणि पीईसी म्हणजे सामानाचा. ते मात्र ट्रॅव्हल पॉलिसीत होतं, म्हणून सोडलं. नायगारा न्यूयॉर्क राज्यात आहे, तर तिथले नियम लागतील का, असं त्याने विचारलं. तसं नाही, करार न्यू जर्सीत होणार, म्हणून गाडीच्या नुकसानीच्या सवलतीचे नियम तिथलेच. आंतरराष्ट्रीय परवाना त्याने आरटीओतून काढला होता, तेवढं एक काम मी न सांगता केलेलं.

दहा दिवसांनी नेवार्कच्या काउंटरवरूनच मेसेज आला. "दादा, विम्याचं सगळं कागदावर आहे, बघून घेतलं. पण त्या अजून दोन गोष्टी विचारतायत, रोडसाइड आणि टोलचा पास. घेऊ का?"

टोलचं मलाही माहीत नव्हतं. मेव्हण्याला विचार म्हटलं.