डब्याचा दुसरा जन्म

मागच्या आठवड्यात दीड वर्षाच्या नातीसाठी शिरा केला. श्रीखंडाचा रिकामा डबा धुऊन ठेवलेला होता. त्यात तो गरम गरम घालणार, एवढ्यात सूनबाई म्हणाली, "अब्बा, त्यात गरम नका घालू." मी जरा खट्टूच झालो. आमचं बालपण अशाच डब्यांतला खाऊ खाण्यात गेलेलं!

वनस्पती तुपाचा 'डालडा' आपल्याकडे १९३७ साली आला. तूप महिन्याभरात संपे, पत्र्याचा डबा मात्र वर्षानुवर्षं टिके. कुणाच्या अंगणात त्यात तुळस लागे, कुणाच्या घरी पीठ राही. आमची अम्मी ईदेच्या आधी रवा, मैदा, साखर आणि तूप घेऊन बेकरीत जायची आणि त्याच डब्यातून भट्टीवरची नानकटाई आणायची. दिवाळीआधी शेजारच्या काकू त्याच रांगेत असत. डबे सारखेच दिसत, म्हणून अम्मीनं आमच्या डब्यावर खिळ्यानं नाव कोरून घेतलं होतं.

दुसरा डबा बाळाच्या दूध-भुकटीचा. आणंदला १९५५ साली भुकटीचा कारखाना सुरू झाला. म्हशीच्या दुधाची भुकटी होणं शक्य नाही, असं तेव्हा परदेशी तज्ज्ञ सांगत. ती झाली, आणि पुढे तिथे लहान मुलांचं अन्नही तयार होऊ लागलं. या डब्याचं झाकण चमच्याच्या दांड्यानं उचकटावं लागे. आत मुंगी शिरत नसे, पावसाळ्यात बिस्किटं सादळत नसत. थोरल्याची भुकटी संपली की धाकट्याचा खाऊ त्यात येई. आईच्या दुधाला डबा हा पर्याय वाटू नये, म्हणून १९९२ च्या कायद्यानं त्यावरचं बाळाचं चित्र बंद झालं.

अम्मी चौथीपर्यंत शिकलेली, पण तिचे नियम पक्के. पत्र्यात फक्त कोरडा खाऊ. चिंच, लोणचं चिनी मातीच्या बरणीत. कापलेली कड ठोकून बोथट करायची. गंजाचा ठिपका दिसला, की खाऊचा डबा खिळ्यांचा डबा व्हायचा. पत्र्यावर कथिलाचा पातळ थर असतो आणि आंबटानं तो झिजतो, हे मी फार पुढे पुस्तकात वाचलं.

तिची एक चूक मात्र होती. तेल टिपावं म्हणून ती डब्याच्या तळाशी वर्तमानपत्र घालायची. छपाईची शाई अन्नात उतरते, हे तेव्हा आमच्याकडे कुणाला माहीत होतं? २०१८ च्या नियमांनी खाद्यपदार्थ वर्तमानपत्रात बांधून विकायला मनाई केली.

मग सूनबाईचं तरी काय चुकलं? श्रीखंडाचा डबा थंड पदार्थासाठी घडवलेला. त्याच्या बुडावर त्रिकोणात आकडा असतो. ही खूण १९८८ साली अमेरिकेत सुरू झाली, ती प्लास्टिक कोणत्या जातीचं हे कळावं म्हणून. डबा पुन्हा भरा, त्यात गरम घाला, असं ती कुठेच सांगत नाही. २०१५ साली आपल्या मानक ब्यूरोनंही बाळाच्या दुधाच्या बाटल्यांसाठी पॉलीकार्बोनेट हे प्लास्टिक वर्ज्य केलं.

डबा टाकू नये, एवढंच मी अम्मीकडून उचललं होतं. त्यात काय ठेवायचं आणि काय नाही, हे ती रोज पारखत होती, ते मी विसरलो. सूनबाईनं तेच केलं.

आता शिरा स्टीलच्या वाटीत असतो. श्रीखंडाच्या डब्यात नातीचे लाकडी ठोकळे आहेत. ते ओतून ती डबा पालथा घालते आणि बडवत बसते. तो आवाज मला ओळखीचा वाटतो.