बर्लिनमधल्या १४९ कवट्या

आज एक सरळ प्रश्न घेऊया. माणसांचे गोरे, काळे, पिवळे असे 'वंश' विज्ञानाला सापडतात का? की ते आपणच पाडलेत?

उत्तर शोधायला बर्लिनला जाऊया. साल १९२८. पुण्यात शिकलेली एक तरुणी पीएचडी करायला तिथे पोचते. नाव इरावती कर्वे. हो, त्याच, 'युगान्त'वाल्या! त्यांचे गाईड होते ऑयगेन फिशर, मानववंशशास्त्रातलं तेव्हाचं बडं प्रस्थ. फिशरसाहेबांचं म्हणणं असं, की गोऱ्या युरोपियनांच्या मेंदूचा उजवीकडचा पुढचा भाग मोठा असतो, त्यामुळे त्यांची कवटी दोन्ही बाजूंनी सारखी नसते, आणि हेच त्यांच्या जास्त बुद्धीचं लक्षण.

इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. काही युरोपातल्या, काही बाहेरच्या. निष्कर्ष काय निघाला? कवटीच्या असमानपणाचा वंशाशी काही संबंध नाही. आता विचार करा, परका देश, परकी भाषा, आणि गाईडच्याच म्हणण्याला छेद देणारा प्रबंध त्याच्याच हातात द्यायचा!

पुढे काय झालं ते ऐका. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि त्याच वर्षी फिशर बर्लिन विद्यापीठाचे प्रमुख झाले. १९३७ मध्ये ऱ्हाइनलँड भागातल्या, आफ्रिकी सैनिक वडील आणि जर्मन आई असलेल्या शेकडो मुलांची जबरदस्तीने नसबंदी केली गेली. त्यात फिशर यांच्यासारख्या तज्ज्ञांचाही हात होता. म्हणजे बघा, मोजमापातून जे निघालंच नाही, ते बळजबरीने आणि चाकूने खरं करून दाखवलं.

"पण रंग तर डोळ्यांना दिसतो ना?" दिसतो की! पण त्वचेचा रंग मुख्यतः आपले पूर्वज किती उन्हाच्या प्रदेशात राहिले, त्यावर ठरत गेला. दक्षिण भारतातला सावळा माणूस आणि आफ्रिकेतला सावळा माणूस रंगाने जवळचे वाटतात, म्हणून जवळचे नातेवाईक ठरत नाहीत. १९७२ मध्ये रिचर्ड लेवॉन्टिन या शास्त्रज्ञाने रक्तगट आणि प्रथिनांचा हिशेब मांडला. माणसामाणसांतला सुमारे ८५ टक्के फरक एकाच लोकसमूहाच्या आत सापडला. तथाकथित वंशावंशांमधला फरक जेमतेम ६ टक्के. फरक आहेतच, पण ते हळूहळू बदलत जातात. मधे कुठे कुंपण नाही.

आता म्हणाल, हे सगळं गोऱ्यांचं, आपला काय संबंध? आहे. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले नाकाची रुंदी मोजून सांगत होते की नाक जितकं रुंद, तितकी जात खालची. डॉ. आंबेडकरांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स'मध्ये नाकांचीच आकडेवारी घेतली आणि दाखवलं, की ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशाचे ठरतच नाहीत. पट्टी तीच, पण शिकवणी उलटी.

गंमत म्हणजे, भारतात परतल्यावर इरावतीबाईंनीही इथल्या जातीजमातींची शारीरिक मोजमापं घेतली. मला इथेच मेख दिसते. गट आधीच पाडलेले असतात, मोजपट्टी नंतर येते.

म्हणून माझं उत्तर: वंश ही निसर्गाने आखलेली रेघ नाही, ती माणसांनी ओढली आहे. पण "माणसांनी ओढली" म्हणजे "खोटी, सोडून द्या" असं नव्हे. त्या रेघेपायी कुणाचं घर, कुणाची नोकरी, कुणाचा जीव गेलाय.

तेव्हा पुढच्या वेळी ग्रुपवर कुणी "हे आमच्या रक्तातच आहे" असा फॉरवर्ड टाकला, तर एवढंच विचारा: गट कोणी पाडले, आणि मोजायच्या आधी की नंतर?

भेटूया पुढच्या भागात!