कोटीतून सातशे : सोप्या कवितेची जुनी गोष्ट

पिंपळगाव रेणुकाईत पोहोचलो तोच एका तरुणाने आम्हाला गाठलं. म्हणाला, "सर, मी मोबाइलवर प्रेमाच्या, घरादाराच्या कविता वाचतो. सगळ्या समजतात. मग त्या खऱ्या कविता म्हणायच्या का?" आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. अवघड तेच खोल, असं आम्हीही बरीच वर्षं मानत होतो. इतिहास वाचला, तेव्हा ते मत सोडावं लागलं.

आपल्या मराठवाड्यातलं पैठण ही सातवाहनांची राजधानी. त्या घराण्यातल्या हाल राजाच्या नावावर 'गाथासप्तशती' आहे. भाषा संस्कृत नव्हे, महाराष्ट्री प्राकृत. आपल्या मराठीची पूर्वज. विषय कोणते? शेत राखणारी पोर, परगावी गेलेला नवरा, सासू, दीर, दाटून आलेले ढग. एक कोटी गाथांतून या सातशे निवडल्या, असं ग्रंथातच म्हटलंय. कोटीचा आकडा शब्दशः घेऊ नका, मुद्दा घ्या. सोप्या कविता तेव्हाही ढिगाने होत्या. राजाने निवड केली.

पुढे हीच माया, हाच संसार जात्यावरच्या ओवीत आला. मग पिठाची गिरणी आली, जातं थांबलं, आणि कुणी टिपून न घेतलेल्या कितीतरी ओव्या गेल्या. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. मुलाने, सोपानदेवांनी, त्यांची गाणी जपली, आचार्य अत्र्यांनी उचलून धरली, म्हणून १९५२ साली, त्या गेल्यानंतर का होईना, पुस्तक निघालं. अजिंठ्याच्या डोंगरपट्ट्यातल्या पळसखेड्याचे ना. धों. महानोर तर शेतकरीच. १९६७ मध्ये त्यांच्या 'रानातल्या कविता' आल्या. १९७७ च्या 'जैत रे जैत'मधली त्यांची गाणी कवीचं नाव ठाऊक नसलेल्यांच्याही तोंडी बसली.

तेव्हा त्या तरुणाला आमचं उत्तर असं : समजली म्हणून कविता हलकी ठरत नाही, आणि तेवढ्यावर चांगलीही ठरत नाही. आठ दिवसांनी पुन्हा वाचा. आईचं पहाटे उठणं, बायकोचं गप्प बसणं त्या कवितेनंतर वेगळं दिसलं, तर ती वहीत उतरवा. नुसतं 'वा' म्हणून पुढे ढकलू नका.

हालाने सातशे निवडल्या. आपण वर्षाला सात निवडू. आणि घरात आजी असेल, तर वहीचं पहिलं पान तिच्यासाठी ठेवा. तिची ओवी अजून कुणी लिहून घेतलेली नसेल.