गुंजभर सोनें

पावसाळा संपल्यावर यवतमाळ जिल्ह्यांतील रानांत किंवा शेताच्या कुंपणावर एक बारीक वेल दुसऱ्या झाडाच्या आधारानें चढलेला आढळतो. त्याचीं पानें चिंचेच्या पानांसारखीं. शेंगा वाळून उकलल्या म्हणजे आंत तांबडीभडक, काळ्या डोळ्याची बी दिसते. हीच गुंज. वाल आणि हरभरा यांच्याच कुळांतील हा वेल. परंतु त्याची पेरणी कोणी करीत नाहीं. पाला गोड लागतो म्हणून तो विड्यांत घालतात, एवढाच त्याचा घरगुती उपयोग. महागांव तालुक्यांत गुंज नांवाचें एक गांवही आहे. या रानटी बीवर आपल्या देशांतील सोन्यारुप्याचा हिशेब शतकानुशतकें चालला, तो कसा हें आज सांगावयाचें आहे.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत पांच गुंजांचा एक मासा आणि सोळा माशांचा एक कर्ष दिला आहे. इ. स. ११५० च्या सुमाराच्या लीलावतींत भास्कराचार्यांनींही मासा पांच गुंजांचाच धरला. आमच्या वडील पिढीनें घोकलेलें कोष्टक मात्र निराळें: आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, म्हणजे तोळ्यास ९६ गुंजा. नांव तेंच राहिलें आणि वजन बदललें! जुने कागद वाचणाराची फसगत होते ती येथें.

गुंजच कां निवडली? तिचें कवच कठीण, ती वर्षानुवर्षें टिकते, आणि कुंपणावरून फुकट मिळते. सर्व गुंजा सारख्या भरतात हा समज मात्र खरा नव्हे. हिऱ्यांच्या व्यापारांतील कॅरट हें वजन भूमध्यसमुद्राच्या कांठच्या कॅरोब झाडाच्या बीवरून आलें. तें झाडही शेंगांच्याच कुळांतलें, आणि तिच्याविषयींही असाच समज होता. त्या बिया इतर झाडांच्या बियांइतक्याच कमीजास्त भरतात, असें २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत दिसून आलें. सारखेपणा आणतो तो निवडणारा हात. आणि हात सोनाराचा असला, तर पाटल्या मोडावयास आलेल्या कुणबिणीनें कोणत्या गुंजेवर विश्वास ठेवावा?

कंपनी सरकारनें १८३३ सालीं तोळा १८० ग्रेनांचा ठरविला; १८३५ चा रुपयाही त्याच वजनाचा पाडला. वऱ्हाड १८५३ सालीं निजामाकडून कंपनीच्या कारभाराखालीं आलें. रुपया हाच तोळा झाल्यावर पारड्यांत बी टाकण्याची गरज कमी झाली, आणि गुंज म्हणजे ०.१२१५ ग्रॅम एवढा आंकडा उरला.

ही बी विषारी आहे, हेंही सांगून ठेवतों. अखंड गिळली तर कठीण कवचामुळें ती बहुधा तशीच बाहेर पडते. फोडलेली किंवा चावलेली प्राणघातक ठरूं शकते. एकोणिसाव्या शतकांत कातड्याच्या लोभानें तिच्या पिठाची सुई करून गुरांना टोंचून मारीत. मुलांच्या हातीं ती देऊं नये.

१९५६ सालीं मेट्रिक वजनांचा कायदा झाला आणि १ आक्टोबर १९५८ पासून तो क्रमाक्रमानें अंमलांत आला. तोळा कायद्यांतून गेला, पण जिभेवरून गेला नाहीं. आज सराफ तोळा म्हणतो तेव्हां त्याच्या मनांत १० ग्रॅम असतात. जुना तोळा ११.६६ ग्रॅमांचा. आजीच्या यादींत "दहा तोळे" लिहिलेले असतील, तर ते ११६.६४ ग्रॅम होत. नातींनीं ते १०० ग्रॅम धरले, तर प्रत्यक्ष वजनांत साडेसोळा ग्रॅम अधिक निघतात. आणि आजीचाच दागिना नव्या तोळ्यानें मोजून घेऊन जुन्या तोळ्यानें परत मागितला, तर तितकेच कमी भरतात. मग घरांतल्या घरांत संशय सुरू होतो, तोहि बहुधा धाकट्या सुनेवर!

यादींत मासे व गुंजा लिहिलेल्या असतील, तर ती बहुधा जुन्या तोळ्याची समजावी. "३ तोळे ४ मासे २ गुंजा" असें असल्यास सर्वांच्या गुंजा कराव्या: २८८, ३२ आणि २, मिळून ३२२. त्यांस ०.१२१५ नें गुणलें म्हणजे सुमारें ३९.१२ ग्रॅम येतात.